मागे राहिलेला गुलाबी ससा

घर कायमचे सोडून निघालेल्या कुटुंबाचा हिशेब दोन प्रकारचा असतो. मोठ्यांच्या हिशेबात दुकान, गोदाम, येणे, देणे, दागिने आणि जमिनीचे कागद येतात. तो वहीत उतरतो, पुढेमागे भरपाईच्या अर्जालाही जोडला जातो. मुलांच्या हिशेबात शाळेतील मैत्रीण, अंगणातील झाड, डबा खाण्याची ठरलेली पायरी, एखादे विटके खेळणे अशा बाबी असतात. तो कोणी लिहून घेत नाही. मूल लहान आहे, विसरून जाईल, असे मोठी माणसे एकमेकांना सांगतात आणि सामान बांधायला लागतात.

गेल्या पन्नास वर्षांत किशोरवयीन वाचकांसाठी इंग्रजीत जे साहित्य निर्माण झाले, त्यातील एका प्रवाहाने हा दुसरा हिशेब मोठ्या आस्थेने मांडला आहे. देशाबाहेर घालवले गेलेले कुटुंब, परकी भाषा, नवी शाळा आणि त्या अनोळखी भूमीत हळूहळू धरलेले मूळ, हा या कादंबऱ्यांचा विषय. व्यापारी घराण्यांत कादंबरीवाचनाकडे पुष्कळदा वेळ दवडण्याचे साधन म्हणून पाहिले जाते. परंतु ज्या समाजाच्या कितीतरी पिढ्यांनी उदरनिर्वाहासाठी गाव सोडले, आणि ज्यातील काही कुटुंबांना नाइलाजाने देशही सोडावा लागला, त्या समाजाने हे साहित्य आपल्या मुलांच्या हाती आवर्जून द्यावे, इतकी त्याची योग्यता आहे. अशा तीन कादंबऱ्यांचा येथे विचार करावयाचा आहे. त्यांतील एक जर्मनीतून निघालेल्या ज्यू कुटुंबाची आहे. उरलेल्या दोन युगांडातील भारतीय वंशाच्या कुटुंबांविषयी असून त्या व्यापारी वाचकाला अधिक जवळच्या, आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणाऱ्या आहेत.

बर्लिनची ॲना

ज्यूडिथ कर यांची ‘व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट’ ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. तिचा आधार लेखिकेचे स्वतःचे बालपण आहे. त्यांचा जन्म १९२३ साली बर्लिन येथे झाला. वडील आल्फ्रेड कर हे जर्मनीतील नामवंत नाट्यसमीक्षक. ते वंशाने ज्यू होते आणि हिटलरच्या पक्षावर त्यांनी उघड टीका केली होती. १९३३ च्या प्रारंभी हिटलर सत्तेवर आला. पारपत्र जप्त होण्याचा संभव आहे, अशी सूचना एका पोलिसाकडून मिळताच ते अंगात ताप असतानाच प्रागला निघून गेले. मार्चमधील निवडणुकीच्या तोंडावर त्यांची पत्नी दोन्ही मुलांना घेऊन स्वित्झर्लंडला पोहोचली. त्याच वर्षी मे महिन्यात बर्लिनमध्ये ग्रंथांची जी होळी झाली, तीत आल्फ्रेड कर यांचेही लेखन होते.

कादंबरीत हे सर्व नऊ वर्षांच्या ॲनाच्या नजरेतून येते. सामान थोडकेच नेता येणार असल्यामुळे खेळण्यांपैकी एकच तिला बरोबर घेता येते. तिच्याकडे कित्येक वर्षांच्या सहवासाने जीर्ण झालेला कापडी गुलाबी ससा आहे आणि नुकताच मिळालेला लोकरीचा कुत्रा आहे. थोड्याच दिवसांत परतायचे आहे, अशा समजुतीने ती नव्या कुत्र्याची निवड करते. ससा मागच्या सामानाबरोबर येणार असतो. पुढे बातमी येते की घरातील सारे सामान सरकारने जप्त केले. त्या बातमीने ॲनाच्या डोळ्यांसमोर पियानो किंवा पुस्तकांची कपाटे येत नाहीत. हिटलर आपल्या सशाशी खेळत बसला आहे, असे चित्र तिला दिसते. कादंबरीला नाव मिळाले ते या प्रसंगावरून.

जैन घरातील वाचकाच्या मनात येथे एक प्रश्न सहज उभा राहील. तत्त्वार्थसूत्राने मूर्च्छेला, म्हणजे वस्तूविषयीच्या आसक्तीलाच परिग्रह म्हटले आहे. मग एका खेळण्यासाठी झुरणाऱ्या मुलीचे कौतुक कशासाठी? याचे उत्तर त्यागाच्या स्वरूपात आहे. त्याग स्वेच्छेने होतो. श्रावक परिग्रहाचे परिमाण स्वतः ठरवतो आणि ठरवून सोडतो. ज्याचे हिसकावून घेतले गेले त्याला त्यागी म्हणता येत नाही, त्याला लुबाडलेला म्हणावे लागते. त्याच्या दुःखाला आसक्ती ठरवून त्याचे तोंड बंद करणे ही दुसऱ्यांदा केलेली हिंसा ठरेल. ॲनाचे आईवडील तिला रडू नकोस म्हणून दटावत नाहीत, ही या कादंबरीतील एक लहानशी पण मोलाची शिकवण आहे.

स्वित्झर्लंडमध्ये हे कुटुंब सरोवराकाठच्या एका खानावळीत राहते. खानावळवाल्याची मुले ॲनाची आणि तिच्या भावाची, मॅक्सची, खेळगडी होतात. पुढे सुट्टीसाठी एक जर्मन कुटुंब तेथे येते आणि त्यातील आई आपल्या मुलांना या ज्यू भावंडांबरोबर खेळण्यास मनाई करते. आता खानावळवाल्याच्या मुलांना दोहोंपैकी एक बाजू निवडावी लागते. राष्ट्रांच्या राजकारणाची झळ मुलांच्या खेळापर्यंत कशी पोहोचते, हे लेखिकेने एवढ्याशा प्रसंगातून दाखवले आहे. वडिलांचे लेख छापायला तेथील वृत्तपत्रे कचरतात, कारण तो देश तटस्थ आहे आणि संपादकांना शेजाऱ्याचा रोष नको आहे.

म्हणून कुटुंब पॅरिसला जाते. तेथे घर लहान, पैसा तुटपुंजा. बर्लिनमध्ये जिच्या हाताखाली नोकर होते, ती आई आता स्वयंपाक आणि शिवण शिकू पाहते आणि पुष्कळदा फसते. मुलांपुढे फ्रेंच भाषेचा डोंगर आहे. कित्येक महिने ॲना प्रत्येक वाक्य मनात आधी जर्मनमध्ये रचते आणि मग त्याचे भाषांतर करते. एके दिवशी तिच्या तोंडून फ्रेंच आपोआप येऊ लागते, आणि तिचे तिलाच नवल वाटते. पुढे शाळेच्या परीक्षेत तिच्या फ्रेंच निबंधाला पारितोषिक मिळते. भाषा येण्याचा तो क्षण या कादंबरीतील सर्वांत आनंदाचा आहे, आणि त्याच्या मागे एक उदास छायाही आहे. मुले जसजशी पुढे जातात तसतसे वडील मागे पडतात. लेखकाचे भांडवल त्याची भाषा असते. देशाबरोबर त्यांचे भांडवलच गेले. व्यापाऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पेढीवरील मालापेक्षा बाजारातील पत मोठी असते, आणि पत ही गाठोड्यात बांधून परगावी नेता येत नाही.

मागे राहिलेल्यांची कथाही कादंबरीत आहे. ज्यूलियस हे कुटुंबाचे स्नेही. हे वादळ ओसरेल, या विश्वासाने ते बर्लिन सोडत नाहीत. त्यांची आजी ज्यू होती, एवढ्या कारणावरून त्यांची नोकरी जाते. प्राणिसंग्रहालयात जाऊन तेथील प्राण्यांकडे, विशेषतः माकडांकडे, पाहणे हा त्यांचा उरलेला एकमेव विसावा. शेवटी तेथील प्रवेशपासही काढून घेतला जातो, आणि ते आपले जीवन संपवतात. माणसाचे माणूसपण थोडेथोडे करून कसे काढून घेतले जाते, याचे इतके संयत चित्रण मोठ्यांच्या साहित्यातही क्वचितच आढळते.

अखेरीस वडिलांची एक चित्रपटकथा इंग्लंडमध्ये विकली जाते आणि कुटुंब लंडनला येते. आपण कोठले तरी पुरते होऊ का, असे ॲना विचारते, तेव्हा एकाच जागी जन्म घालवणाऱ्यांसारखे होणार नाही, परंतु अनेक ठिकाणचे थोडेथोडे होऊ, अशा आशयाचे उत्तर वडील देतात. कुटुंब एकत्र आहे तोवर निर्वासित होणे हे मुलीला संकट वाटत नाही, हा कादंबरीचा गाभा आहे. तो फसवा नाही. याच कथेच्या पुढील दोन भागांत आईवडिलांनी या वणवणीची केवढी किंमत मोजली होती, हे लेखिकेने प्रौढ दृष्टीने मांडले आहे. मुलांचे बालपण ज्यांनी सावरले, ते स्वतः आतून खचले होते.

ही कादंबरी लिहिली कशी गेली, हेही सांगण्याजोगे आहे. नाझींच्या तावडीतून निसटलेल्या ऑस्ट्रियन कुटुंबावरील ‘द साउंड ऑफ म्युझिक’ हा गाण्यांनी भरलेला चित्रपट ज्यूडिथ यांच्या मुलांनी पाहिला. आई लहान असताना कसे होते ते आता कळले, असा उद्गार मुलाने काढला. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की आपण घरी सांगितले नाही, म्हणून चित्रपटाने सांगितले, आणि तेही चुकीचे. त्या जाणिवेतून कादंबरी जन्माला आली. जर्मनीतच तिला १९७४ साली किशोरसाहित्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या शहरातून ही मुलगी घाईघाईने निघाली, त्या बर्लिनमधील एका प्राथमिक शाळेला आज तिचे नाव आहे. २०१९ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी ज्यूडिथ कर यांचे निधन झाले.

नव्वद दिवसांची मुदत

युरोपातील ही कथा समीक्षकाच्या घरची. दुकानदाराच्या घरची कथा वाचावयाची असेल तर आफ्रिकेकडे वळावे लागते. पूर्व आफ्रिकेत १८९६ ते १९०१ या काळात रेल्वेमार्ग बांधण्यासाठी इंग्रजांनी हजारो भारतीय मजूर नेले. त्यांच्या मागोमाग गुजरात, सौराष्ट्र आणि कच्छमधून व्यापारी गेले. त्यांत जामनगर परिसरातील हालारी विसा ओसवाल जैनही होते. त्यांची वस्ती मुख्यत्वे केनियात झाली. आडवळणाच्या गावात मीठ, साखर, कापड आणि रॉकेल विकणारे भारतीय दुकान हे त्या भूमीचे परिचित दृश्य झाले. स्वाहिली भाषेत आजही दुकानाला ‘दुका’ म्हणतात.

४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाचे लष्करी शासक इदी अमीन यांनी आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी ९० दिवसांची मुदत जाहीर केली. ती ८ नोव्हेंबरला संपली. प्रारंभी हा आदेश ब्रिटिश पारपत्रधारकांपुरता वाटला. पुढे युगांडाचे नागरिकत्व घेतलेल्या अनेकांचेही कागद तपासणीत नाकारले गेले. पन्नास हजारांहून अधिक माणसे बाहेर पडली. दुकाने, कारखाने, घरे आणि बँकेतील ठेवी तेथेच राहिल्या. कुटुंबामागे ५०-५५ पौंड एवढीच रक्कम नेण्याची मुभा होती. सुमारे २८ हजार लोक ब्रिटनमध्ये आणि सहा हजारांच्या आसपास कॅनडात गेले. उरलेले भारतात आणि इतर देशांत विखुरले.

केनियात वाढलेल्या आणि नंतर कॅनडात स्थायिक झालेल्या शेनाझ नानजी यांची ‘चाइल्ड ऑफ डँडेलियन्स’ ही २००८ मधील कादंबरी याच ९० दिवसांची आहे. नायिका सबीन पंधरा वर्षांची, सधन भारतीय वंशाच्या कुटुंबातील. कुटुंब युगांडाचे नागरिक आहे, तेव्हा आपल्याला भय नाही, अशी वडिलांची खात्री आहे. दिवस मात्र एकेक करून कमी होत जातात. रस्त्यावर सैनिक येतात, माणसे नाहीशी होऊ लागतात, आणि झेना या आफ्रिकी जिवलग मैत्रिणीशी असलेले सबीनचे नाते ताणले जाते. डँडेलियनच्या फुलातून बी रुईच्या म्हातारीसारखे वाऱ्यावर उडते. माळ्याला ते तण वाटते. उपटून टाकावे तर बी चौफेर पसरते आणि जेथे पडेल तेथे रुजते. या कादंबरीला कॅनडातील गव्हर्नर जनरल पुरस्काराच्या अंतिम यादीत स्थान मिळाले होते.

बर्लिनचे ज्यूलियस आणि कंपालातील सबीनचे वडील या दोघांत एक साम्य आहे. दोघेही आपापल्या देशाला आपलाच समजत होते. कागद खरे आहेत, कर भरलेला आहे, शेजाऱ्यांशी संबंध चांगले आहेत, मग आपल्याला कोण काय करणार, हा सरळमार्गी माणसाचा विश्वास दोघांच्याही ठायी होता. व्यापारी कुटुंबांतील किशोरांनी हे वाचताना वडिलांच्या या विश्वासाला हसू नये. तो भाबडा असेल, परंतु त्याच विश्वासाच्या बळावर माणसे अनोळखी गावात दुकान उघडतात.

येसोफूची बाजू

तिसरी कादंबरी टीना अथाइड यांची ‘ऑरेंज फॉर द सनसेट्स’. ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. लेखिकेचा जन्म युगांडाचा. हकालपट्टीच्या थोडे आधीच त्यांचे कुटुंब बाहेर पडले होते. मागून आलेले आप्त आणि स्नेही त्यांच्या लंडनच्या घरी उतरत असत. त्या मंडळींच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकलेल्या हकिकतींतून ही कादंबरी उभी राहिली.

एंटेबे शहरातील बारा वर्षांची आशा आणि तिचा मित्र येसोफू हे दोघे आळीपाळीने कथा पुढे नेतात. आशा भारतीय, येसोफू आफ्रिकी. शाळा सुटल्यावर वाटून खाल्लेले समोसे आणि येसोफूच्या क्रिकेट सामन्यात आशाने दिलेले प्रोत्साहन, असा त्यांचा स्नेह. येसोफूची आई आशाच्या घरी मोलकरीण आहे. अमीन यांची घोषणा होते तेव्हा आशाला आपले जग कोसळताना दिसते. येसोफूला मात्र त्याच घोषणेत आपल्या कुटुंबासाठी उजळ भविष्याचे वचन ऐकू येते. आशाचे घर हे तिच्या दृष्टीने घर आहे. येसोफूच्या दृष्टीने ते आई राबते ती जागा आहे. दोन्ही खरे आहे.

अनेकांतवादाचा उच्चार ज्या समाजात प्रवचनोप्रवचनी होतो, त्याने ही कादंबरी अवश्य वाचावी. एका वस्तूचे अनेक धर्म असतात, हे तत्त्व घटपटाच्या दृष्टांताने समजून घेणे सोपे आहे. आपल्या दुकानाच्या फळीच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांनी ते दुकान पाहणे अवघड आहे. इंग्रजी राजवटीने पूर्व आफ्रिकेत वर युरोपीय, मध्ये आशियाई आणि खाली आफ्रिकी अशी उतरंड रचली होती. युगांडात कापूस आफ्रिकी शेतकरी पिकवीत असे, परंतु जिनिंगचे कारखाने प्रामुख्याने आशियाई आणि युरोपीय मालकांच्या हाती होते. आपला कापूस आपणच पिंजून विकण्याचा हक्क मिळावा, ही १९४९ च्या तेथील उठावातील एक प्रमुख मागणी होती. ही रचना भारतीय व्यापाऱ्याने केलेली नव्हती. तिचा लाभ मात्र त्याला मिळत होता. अमीन यांनी या असंतोषावर आपले राजकारण उभारले आणि त्याला आर्थिक युद्ध असे नाव दिले. जप्त दुकाने मर्जीतील लोकांच्या हाती गेली आणि थोड्याच काळात देशाचा व्यापार कोलमडला. येसोफूसारख्या मुलाला दिलेले वचन खोटे ठरले.

यातून हकालपट्टीचे समर्थन होत नाही. निरपराध माणसांना घरातून हुसकावणे हा अन्यायच होता. परंतु अन्याय सोसलेल्याला स्वतःच्या वर्तनाची तपासणी करण्यापासून सूट मिळत नाही. संवत्सरीच्या दिवशी जैन माणूस चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागतो, आप्तेष्टांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो. त्या क्षमायाचनेत घरी भांडी घासणारी बाई, गोदामातील हमाल, वीस वर्षे फळीमागे उभा असलेला गुमास्ता यांची नावे येतात का, हा प्रश्न ही कादंबरी नाव न घेता विचारते. एंटेबेइतकाच तो सोलापूर, लातूर किंवा जळगावच्या बाजारपेठेतही लागू पडतो.

लिहिली न गेलेली कादंबरी

नव्या देशात या माणसांचे काय झाले? ब्रिटनमध्ये उतरलेल्या अनेकांची पहिली रात्र जुन्या लष्करी छावण्यांत गेली. लेस्टर शहराच्या नगरपालिकेने तर युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्याकडे येऊ नका, असे कळवले होते. तरीही माणसे तेथे गेली, आणि आज भारतीय वंशाच्या उद्यमशील लोकांचे शहर म्हणून लेस्टर ओळखले जाते. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या जैनांचाही त्यात वाटा आहे. तेथील एका जुन्या चर्चच्या इमारतीचे रूपांतर जैन केंद्रात झाले आणि १९८८ साली प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर देरासर, दिगंबर मंदिर, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्र ज्ञानमंदिर तेथे एकाच छताखाली आहेत. स्वदेशात जे पंथ एका गल्लीत समोरासमोर वेगळे राहिले, ते परदेशात एकाच दारातून आत जाऊ लागले.

जैन मुलामुलीच्या नजरेतून या स्थित्यंतराचे चित्रण करणारी नायिका मात्र या तीनही कादंबऱ्यांत नाही. ती असती तर तिच्या कथेत सूर्य हेही एक पात्र झाले असते. युगांडा विषुववृत्तावर आहे. तेथे बाराही महिने सूर्य सायंकाळी सातच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्या घराचे घड्याळ वर्षभर बदलत नाही. इंग्लंडमध्ये डिसेंबरात चार वाजण्यापूर्वीच सूर्यास्त होतो आणि जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. शाळा सुटून मूल घरी पोहोचते तेव्हा जेवणाची वेळ टळलेली असते. शाळेतील भोजनात मांस आणि कंदमुळे. नव्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला काय खावे, नकार कसा द्यावा, कारण कोणत्या भाषेत सांगावे? आजीचा नियम आणि शाळेची घंटा यांच्यामध्ये उभ्या असलेल्या त्या मुलीने काय सोडले, काय राखले, आणि कोणत्या गोष्टी घरी कधीच सांगितल्या नाहीत, हे लिहिले गेले पाहिजे.

अशा कथांचा समाजात तुटवडा नाही. १९४२ साली जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले तेव्हा रंगूनच्या बाजारपेठेतील गुजराती आणि मारवाडी व्यापारी कुटुंबेही लाखो भारतीयांबरोबर बाहेर पडली. १९४७ साली पंजाबकेसरी आचार्य विजयवल्लभसूरी चातुर्मासासाठी गुजरांवाला येथे होते. ते गाव पाकिस्तानात गेले. श्रावक-श्राविकांना मागे ठेवून एकट्याने निघण्यास आचार्यांनी नकार दिला आणि संघासह ते अमृतसरला पोहोचले. तो प्रसंग आचार्यांच्या चरित्रातून आदराने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या ताफ्यात मुलेही असतील. त्यांच्यापैकी कोणी कोणती वस्तू मागे ठेवली, कोणत्या मित्राचा निरोप घ्यायचा राहून गेला, अमृतसरच्या शाळेत पहिल्या दिवशी त्यांच्या शेजारी कोण बसले, हे कोणाच्या चरित्रात येणार?

मारवाडातून लोटा-दोरी घेऊन महाराष्ट्रात आलेल्या पूर्वजांच्या कथा घरोघरी अभिमानाने सांगितल्या जातात. त्या स्वेच्छेच्या स्थलांतराच्या आणि यशाच्या कथा आहेत. सक्तीने घडलेल्या निर्वासनाविषयी मात्र घरात मौन असते. अपमान, भीती आणि गरिबीची वर्षे मुलांपुढे कशाला काढावयाची, असा त्यामागचा विचार असतो. तो प्रेमातूनच येतो. पण ज्यूडिथ कर यांच्या घरी जे घडले ते येथेही घडते. घर गप्प राहिले की चित्रपट बोलू लागतो. याउलट टीना अथाइड यांच्या घरी पाहुण्यांना मोकळेपणी बोलू दिले गेले, म्हणून ऐकणाऱ्या मुलीच्या हातून पुढे कादंबरी लिहिली गेली.

आज व्यवसायानिमित्त अँटवर्प, दुबई किंवा हाँगकाँगला जाणाऱ्या जैन कुटुंबांची स्थिती निर्वासितांसारखी नाही. ती आपखुशीने जातात आणि हवे तेव्हा परत येऊ शकतात. तरीही त्यातील सात-आठ वर्षांच्या मुलाला कोणी विचारून नेलेले नसते. विमानतळावर तो आपला जुना ससा मागतो तेव्हा, तेथे याहून चांगला घेऊ, असे उत्तर त्याला मिळते. ॲनाची कथा अशा आईवडिलांनी निघण्यापूर्वी एकदा वाचावी. भाषा येईपर्यंतचे मुलाचे मौन सहन करावे, त्याच्यापुढे आपली चिंता लपवताना त्याची चिंता नाकारू नये, आणि नव्या देशातील माणसांकडे केवळ ग्राहक किंवा नोकर म्हणून पाहण्याची सवय त्याला लागू देऊ नये. एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ साधेल.

ज्या घरांत रंगून, गुजरांवाला, कंपाला किंवा मोम्बासा पाहिलेली वृद्ध माणसे आजही आहेत, तेथील किशोरांनी दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसावे. किती संपत्ती गेली, हा प्रश्न प्रथम विचारू नये. त्याचे उत्तर सर्वांना पाठ असते. शेवटच्या दिवशी घरात काय शिजले होते, कुलूप कोणी लावले, किल्ली कोणाच्या हाती दिली, पाळलेल्या गाईचे किंवा पोपटाचे काय झाले, नव्या गावात प्रथम कोण आपुलकीने बोलले, असे प्रश्न विचारावेत. दुकानात काम करणाऱ्या माणसाचे नाव काय होते आणि त्याचे पुढे काय झाले, हेही विचारावे. या शेवटच्या प्रश्नाला कदाचित थोडा वेळ उत्तर मिळणार नाही. तेव्हा थांबावे, उठून जाऊ नये. जे ऐकले ते त्याच रात्री, ज्या शब्दांत ऐकले त्या शब्दांत लिहून ठेवावे.

तिन्ही कादंबऱ्या इंग्रजीत असून भाषा अवघड नाही. दहा वर्षांवरील मुलांना ॲनाची कथा द्यावी. आशा आणि येसोफू यांची कथा अकरा-बारा वर्षांपासून वाचता येईल. सबीनच्या कथेत हिंसेचे आणि भयाचे प्रसंग आहेत, म्हणून ती चौदा वर्षांनंतर द्यावी, आणि शक्य तर आईने किंवा वडिलांनी ती आधी स्वतः वाचावी.